आजीचा फोटो कुठे आहे?

आपल्या समाजातील कोणत्याही घरात पाऊल टाका. घर मातीचे असो की स्लॅबचे, समोरच्या भिंतीवर तथागत भगवान बुद्धांची आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर असतेच. बाजूला माता रमाई, कुठे महात्मा फुले आणि सावित्रीबाई. या भिंतीकडे पाहिले की आपली मान ताठ होते. पण वाचकहो, याच भिंतीवर आपल्या आजीचा फोटो का नाही, असा प्रश्न कधी मनात आला आहे काय? ज्या आजीने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली, घरी परतल्यावर देव्हारा रिकामा केला आणि मुलांच्या हाती पाटी दिली, तिचा चेहरा आपण नातवंडांना कसा दाखवणार?

माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, एकच फोटो आमच्याकडे आहे. तो मतदार ओळखपत्रावरचा. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात, १९९३ साली, मतदारांना फोटोसह ओळखपत्र देण्याचे ठरले. पुढे ती मोहीम खेड्यापाड्यांत पोहोचली. मी सुटीत आजोळी होतो. शाळेत कॅमेरा आला होता आणि गावातले बायाबापडे रांगेत बसले होते. आजीची पाळी आली. "डोळे उघडे ठेवा" असे कोणीतरी ओरडले आणि ती दचकली. तोच दचकलेला चेहरा कार्डावर उतरला. २००१ साली आजी गेली तेव्हा त्या टिकलीएवढ्या फोटोवरून मोठा फोटो करून आणला. नुसते ठिपकेच ठिपके! जी बाई आयुष्यभर खळखळून हसली, ती भिंतीवर मात्र कायमची घाबरलेली दिसते.

हा फोटो पाहून सर्वांत जास्त हळहळतात ते माझे मामाजी. कारण त्यांना लहानपणापासून एकच नाद होता, तो म्हणजे फोटोग्राफीचा. आणि तरीही स्वतःच्या आईचा एक चांगला फोटो त्यांना काढता आला नाही.

बारा फोटोंचा रोल

मामाजींचे गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. शाळेत असताना बाजाराच्या दिवशी ते पवनीला जात आणि फोटो स्टुडिओच्या काचेसमोर तासन् तास उभे राहत. पुढे एका मित्राचा कॅमेरा दुपारभर हाताळायला मिळाला. अग्फा क्लिक थ्री! बडोद्याची न्यू इंडिया इंडस्ट्रीज ही कंपनी तो कॅमेरा आपल्या देशात बनवीत असे. त्या काळी मध्यमवर्गीयांच्या घरी हाच कॅमेरा दिसायचा. त्यात १२० नंबरचा रोल लागे आणि एका रोलमध्ये बारा फोटो निघत. बारा म्हणजे बाराच. एक चुकला की पैसे पाण्यात. त्या दुपारी मामाजींच्या वाट्याला एकच फोटो आला. त्यांनी तो नदीच्या घाटाचा काढला. तो अजून त्यांच्या ट्रंकेत आहे.

मग नोकरी लागली. नागपूरला एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक. पगारात दोन बहिणींची लग्ने, धाकट्या भावाचे शिक्षण, पुढे स्वतःची मुले. रोल विकत घ्या, तो धुवायला द्या, मग छापून घ्या. प्रत्येक पायरीवर पैसा! आपल्यासारख्यांच्या घरात तो पैसा पाठ्यपुस्तकांवर खर्च झाला आणि तेच योग्य झाले. परंतु मनात दडलेली आवड मरत नाही. मामाजी वर्तमानपत्रातले चांगले फोटो कापून जुन्या वहीत चिकटवत आणि खाली लिहीत, "उजेड डावीकडून आला आहे." अशा तीन वह्या भरल्या.

२०१२ साली वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते सेवानिवृत्त झाले. मुले नागपुरात स्थिरावली होती. मामाजी-मामीजी मात्र गावी परतले. तीन एकर धानाची शेती, दोन खोल्यांचे पक्के घर आणि महिन्याचे पेन्शन. ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्यांनी सीताबर्डीवरून एक वापरलेला डिजिटल कॅमेरा आणला. मामीजी म्हणाल्या, "म्हातारपणी हा काय चाळा! त्यापेक्षा विहिरीला मोटर बसवली असती तर?" मोटरही बसली, पण कॅमेऱ्यानंतर.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मामाजींची हौस चाळीस वर्षे अडली ती पैशामुळे. तो अडसर यंत्राने दूर केला. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. पुढे या शोधाने रोलचा धंदाच बसवला आणि २०१२ साली खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या देशात उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 'इंदू' नावाची फिल्म काढीत असे, तोही बंद पडला. तिथल्या कामगारांचे नुकसान झाले हे खरेच. पण ज्या माणसाला बारा फोटोही परवडत नव्हते, तो आता हजार फोटो काढू शकतो. श्रीमंतांचा शौक गरिबांच्या दारात आला. प्रश्न उरतो तो एवढाच, की तो दारात आल्यावर आपण त्याचे काय करतो?

तलाव, सारस आणि म्हातारी

पहिली दोन वर्षे मामाजी पाखरांच्या मागे होते. आमचा जिल्हा तलावांचा. मालगुजारीच्या काळातले जुने तलाव आणि बोड्या गावोगावी आहेत. हिवाळ्यात पहाटे तलावावर धुके उतरते आणि पाणपक्ष्यांचे थवे बसतात. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो जवळजवळ फक्त गोंदिया आणि भंडारा या दोन धानाच्या जिल्ह्यांत. त्यातही भंडाऱ्यात बोटांवर मोजण्याइतकेच. माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा हा पक्षी जोडीने धानाच्या बांध्यांत फिरतो. त्याच्यासाठी मामाजी धुऱ्यावर पहाटेपासून बसून राहत. "नोकरीत घड्याळाने मला चालवले, आता मी थांबायला शिकलो," असे ते म्हणत. त्यांची रक्तातली साखर आटोक्यात आली ही त्यातली आणखी एक मिळकत.

मग एक दिवस वळण आले. रोवणीचे दिवस होते. बांधीत बाया वाकून धानाचे परे रोवत होत्या आणि मामाजी धुऱ्यावरून पलीकडच्या बगळ्यावर कॅमेरा रोखून उभे होते. मोहल्ल्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि म्हणाली, "बगळ्याचा काढतेस बापू, माहा बी एक फोटू काढून देजो. मेल्यावर पोरं कोठून आणतीन?"

मामाजी सांगतात, "त्या बोलण्याने कॅमेरा जड झाला. मला माझी आई आठवली. शाळेच्या बाकावर दचकून बसलेली."

त्यांनी त्या म्हातारीचा फोटो काढला. मेल्यावर लावायचा फोटो नव्हे! गुडघाभर चिखलात, हातात पऱ्यांची जुडी, तोंडावर हसू. पवनीहून छापून आणून तिला दिला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी अशी दिसतो?" सत्तरी ओलांडलेल्या बाईने स्वतःला कामात रमलेले असे पहिल्यांदाच पाहिले होते.

त्या दिवसापासून मामाजींच्या कॅमेऱ्याचे तोंड तलावाकडून मोहल्ल्याकडे वळले. बिडी वळणाऱ्या बायांचे हात, तेंदूपत्त्याची पुडकी बांधणारे कुटुंब, विहारात बुद्धवंदनेला बसलेल्या शुभ्र साडीतल्या उपासिका, बारावी पास झालेली पोर आणि तिच्यापेक्षा जास्त खूष असलेला बाप. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे त्याच्या पाण्याखाली आजूबाजूची गावे गेली. तिथून उठून नव्या वसाहतीत आलेल्या लोकांचेही फोटो त्यांनी काढले. बसायला सांगताना ते विचारत, "जुन्या घरातून काय आणले?" कोणी जाते आणले होते, कोणी दाराची चौकट. त्याच्यासह फोटो!

एक चूक मात्र त्यांना अजून खुपते. शेजारच्या गावी एक वयोवृद्ध उपासक होते. १९५४ साली बाबासाहेब भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा या गृहस्थांनी पोरवयात सभेसाठी सतरंज्या वाहिल्या होत्या. त्या निवडणुकीत काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेबांचा पराभव झाला. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातले हे दुखरे पान. ते पान डोळ्यांनी पाहिलेला माणूस समोर होता. मामाजी म्हणाले, "दिवाळी झाली की निवांत येतो, सगळे लिहून घेतो, फोटोही काढतो." दिवाळीच्या आठ दिवस आधी ते गृहस्थ गेले. मामाजींच्या वहीत त्या तारखेपुढे फक्त एक शब्द लिहिला आहे : उशीर.

दुसऱ्यांनी काढलेले आपले फोटो

कोणी म्हणेल, समाजापुढे शिक्षण, बेकारी, अत्याचार असे प्रश्न असताना फोटोचे एवढे काय? त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवून देतो. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर देशभर जे फोटो फिरले ते त्यांच्या मृतदेहांचे होते. अन्याय उघड होण्यासाठी पुरावा लागतो, हे मान्य. पण मुले शिकवणारी, आपल्या जमिनीसाठी ताठ उभी राहणारी सुरेखाताई किती जणांच्या डोळ्यांपुढे आहे? जग आपल्याला पाहते ते बहुधा रडताना आणि मेलेले. आपल्या श्रमाचा, शिक्षणाचा, आनंदाचा फोटो आपणच काढला नाही तर दुसरा कोण काढणार?

हा विचार नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतो. त्याच लढ्यातले एक अग्रणी फ्रेडरिक डग्लस. जन्माने गुलाम, १८३८ साली निसटून मुक्त झालेले. त्या काळी वर्तमानपत्रांत काळ्या माणसांची चित्रे विद्रूप, हास्यास्पद काढली जात. डग्लस यांनी ओळखले की कॅमेरा तशी खोटी रेघ ओढत नाही. त्यांनी मुद्दाम फोटो काढून घेतले. नीट पोशाख, करारी नजर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सर्वांत जास्त फोटो काढले गेलेला माणूस म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. सुमारे १६० फोटो सापडले आहेत. आपल्या भिंतीवरचे कोट-टायमधले बाबासाहेब आठवा. तो पोशाख आणि ती नजर आपल्याला काय सांगते, हे वेगळे सांगायला नको.

उतारवयाचे म्हणाल तर मिल्टन रोगोविन यांचे उदाहरण आहे. अमेरिकेतील बफेलो शहरात ते चष्मे देण्याचा व्यवसाय करीत. कामगारांच्या बाजूने उभे राहणारा माणूस. १९५७ साली कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांना संसदेच्या समितीपुढे बोलावले गेले आणि व्यवसाय बसला. तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या या गृहस्थांनी कॅमेरा हाती धरला. १९७२ पासून ते शहरातल्या गरीब वस्तीत जाऊ लागले आणि त्याच कुटुंबांचे फोटो पुढे तीस वर्षे पुनःपुन्हा काढत राहिले. फोटोतली लेकरे बाप झाली, बाप आजोबा झाले. २०११ साली वयाच्या १०१ व्या वर्षी रोगोविन वारले. त्यांचे फोटो आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवले आहेत.

आणि आपल्याकडे? डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी स्वतःच्या खिशाला खार लावून केले. म्हणून तो जनसागर आपण आजही डोळ्यांनी पाहू शकतो. कल्याणचे विजय सुरवाडे यांनी वर्षानुवर्षे खपून बाबासाहेबांचे फोटो आणि पत्रे जमवली. मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे कॅमेऱ्यात पकडणारे सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. माता रमाईंचे फार थोडे फोटो आपल्याजवळ आहेत. १९३४ साली राजगृहात काढलेला तो कुटुंबाचा फोटो नसता तर? २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्या दिवशी कोणी कॅमेरा लावला नसता तर पुढच्या पिढ्यांना रमाई अशा दिसल्याच नसत्या.

नाव लिहा, तारीख लिहा

मी स्वतः कार्यालयात नोंदी करणारा माणूस. जे कागदावर नाही ते झालेच नाही, हा आमचा रोजचा अनुभव. म्हणून मामाजींची एक सवय मला सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक फोटोमागे ते नाव, गाव, तारीख आणि त्या माणसाचे काम लिहितात. असे का, असे विचारले तेव्हा ते मला पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर घेऊन गेले. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभागाने तिथे उत्खनन केले आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. तिथल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडली. मामाजी म्हणाले, "राजांची नावे पुस्तकात आहेतच. पण इथे साध्या माणसांची नावे आहेत. कोणी तरी ती कोरली, म्हणून दोन हजार वर्षांनी आपल्याला कळली. मी त्याच गावचा. मी पेन्सिलीने लिहितो, एवढाच फरक."

खेड्यात परतलेल्या, किंवा परतण्याच्या तयारीत असलेल्या सेवानिवृत्त बांधवांसाठी आणि भगिनींसाठी मामाजींच्या अनुभवातल्या काही गोष्टी देतो.

महागडा कॅमेरा नसला तरी अडत नाही. साधा मोबाईलही चालतो. माणसाला भर उन्हात उभे करू नका. ओसरीत किंवा दाराजवळ बसवा, म्हणजे चेहऱ्यावर बाजूने मऊ उजेड पडतो. म्हातारी जमिनीवर बसली असेल तर तुम्हीही जमिनीवर बसा. उभ्याने वरून फोटो काढला तर माणूस लहान दिसतो. आपल्या माणसांना वरून पाहणारे खूप झाले. लगेच बटण दाबू नका, आधी दहा मिनिटे बोला. दीक्षेच्या वेळी कोण कोण गेले, पायी की गाडीने, हे विचारा. मोबाईलवर आवाजही जपून ठेवता येतो.

परवानगी घेतल्याशिवाय फोटो काढू नका आणि विचारल्याशिवाय कोणाला पाठवू नका. विशेषतः मुलीबाळींचे. आजारी, कष्टी माणसाचा फोटो तुमच्या कौतुकासाठी नाही.

घरोघरच्या पेट्यांत जुने फोटो आहेत, त्यांना वाळवी आणि ओल खात आहे. त्यांची नक्कल करून घ्या. सावलीतल्या उजेडात फोटो सपाट ठेवा, मोबाईल बरोबर त्याच्या समांतर धरा, फ्लॅश लावू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसह तिरपी चमक टाळून फोटो घ्या. तालुक्याला स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करून मागा. मागे बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलीने कडेला लिहा : डावीकडून कोण, उजवीकडे कोण.

आणि सर्व फोटो एकाच जागी ठेवू नका. एक प्रत घरच्या संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी मुलाकडे. मामाजींचा पहिल्या वर्षाचा सगळा ठेवा एक डिस्क बिघडून गेला, तेव्हा हे शहाणपण आले. शिवाय वर्षाला निवडक दहा फोटो कागदावर छापून घ्याच. मोबाईल बदलतो, कागद पेटीत राहतो.

शेवटची हाक

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर जे दहा वर्षांचे मूल बापाच्या खांद्यावर होते, ते आज ऐंशीच्या घरात आहे. त्या दिवशी जे तरुण होते, त्यांतले किती उरले ते आपल्या गावात जाऊन मोजा. हे काम पुढच्या वर्षी करू असे म्हणायला वेळ शिल्लक नाही.

या अशोक विजयादशमीच्या आत प्रत्येक गावातील एका तरी निवृत्त कर्मचाऱ्याने, शिक्षकाने, किंवा घरी बसून कंटाळलेल्या भाऊ-बाईने हे मनावर घ्यावे. आपल्या गावातील दहा वृद्धांचे फोटो, नाव-तारखेसह. एक प्रत त्यांच्या घरी, एक विहारात. विहाराच्या भिंतीवर या माणसांसाठी थोडी जागा ठेवायला कोणाची हरकत असणार?

मामाजी आता सत्तरी पार आहेत. हात किंचित थरथरतो, म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवतात. परवा गेलो तेव्हा मामीजी ओसरीत तांदूळ निवडत होत्या आणि मामाजी त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. मामीजी कुरकुरल्या, "रोजच्याच बाईचा किती फोटो काढता!" मामाजींनी बटण दाबले. त्या फोटोत मामीजी हसत आहेत.

आजीचा तो दचकलेला फोटो अजून भिंतीवर आहे. मामाजींनी तो काढू दिला नाही. त्याच्या खाली मात्र आता एक पट्टी लावली आहे. आजीचे नाव, गाव, आणि पुढे एवढेच : दीक्षा, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर.

जयभीम!